गाडी तापतच नाही तेव्हा: जुन्या बसचं थंड इंजिन कसं तपासायचं

आमच्याकडे गाडी गरम झाली की चार माणसं धावून येतात. कुणी पाण्याची कॅन आणतो, कुणी बोनेट उघडतो, कुणी नुसताच लांबून "झाकण उघडू नको बे!" म्हणून ओरडतो. गाडी थंड चालते म्हणून मात्र कुणी धावल्याचं मी आजवर पाहिलं नाही. ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे इंजिनाचा काटा खाली पडून असणं लोकांना सुखाचंच वाटतं.

मागच्या डिसेंबरात माझ्याकडे टाटाची एक जुनी १२१० बस आली. आर्वीकडच्या एका पोराने लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतलेली. बॉडी नव्याने रंगवलेली, आत झालरी, काचेवर देवाचं नाव. पोरगा म्हणाला, "भाऊ, ॲव्हरेज पडून रायलं. सकाळी पांढरा धूर मारते. बाकी इंजिन एक नंबर हाय, काटा तं उठतच नाही!" शेवटचं वाक्य त्याने कौतुकाने सांगितलं. दुखणं तेच होतं. त्याचा म्हातारा ड्रायव्हर मागून हळूच बोलला, "पह्यले थंडीत लोक बोनेटवर बसाले भांडत. आता बसलं तरी बूड गरम होत नाही." त्या काकांना मी तिथेच हात जोडले, कारण अर्धं निदान त्यांनीच करून टाकलं होतं.

जुन्या बस घेऊन दुरुस्त करणारी, हौसेने जपणारी पोरं आता बरीच दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. १२१० मध्ये बसणारी ६९२ आणि ६९७ ही इंजिनं, लेलँडची ३७० आणि ४००, यांतलं काहीही तुमच्याकडे असलं तरी पद्धत हीच. (या नंबरांत मापं लपलेली आहेत. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. ३७० म्हणजे तेवढे घन इंच, आपल्या मापात सहा लिटरच्या थोडं वर.) कुणाकडे १९५४ नंतरच्या टाटा-मर्सिडीजच्या काळातलं, मर्सिडीजची चांदणी लावलेलं ३१२ इंजिन असेल तर त्याला प्रीचेंबर (डिझेल आधी पेटायची छोटी खोली) असतो आणि थंडीत हीटर प्लगशिवाय ते जागंच होत नाही. त्याचं सुरू होण्याचं दुखणं वेगळं. पाण्याचं गणित मात्र सारखंच.

थंडीने इंजिनाचं काय बिघडतं

हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढची मेहनत कशासाठी हेच कळणार नाही.

एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात, म्हणून ते दिसत नाही. यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन तापलेलं असेल तर ती ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरच्या हवेच्या नळीतून, बाहेर पडते. इंजिन ५० अंशांवरच फिरत असेल तर तिथेच तिचं पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरण्याचं झाकण उघडून आत बोट फिरवा. दह्याच्या सायीसारखा पिवळट, चिकट लेप लागला तर घाबरून लगेच हेड (सिलिंडरांवरचं झाकण) खोलायला घेऊ नका. हेड पॅकिंग गेल्यावरही असाच लेप येतो हे खरं, पण थंड इंजिनात तो पॅकिंग शाबूत असतानाही येतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका गाडीचं हेड याच कारणाने विनाकारण उतरवलंय. पॅकिंग नव्यासारखं निघालं. मालकाकडून मजुरी मागायचीही लाज वाटली होती.

दुसरी गोष्ट डिझेलची. थंड सिलिंडरमध्ये फवारा पूर्ण जळत नाही. उरलेलं डिझेल लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) भिंतीवरून खाली वाहतं, जाता जाता तिथला ऑइलचा थर धुऊन नेतं आणि चेंबरमध्ये साचतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि वास डिझेलचा असेल, तर ते ऑइल बेअरिंगला काय देणार? जुन्या काळी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असायचं, त्यामुळे थंड इंजिनात आम्ल होऊन लायनर खाल्ली जायची. २०२० च्या एप्रिलपासूनच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलंय, तेव्हा तो त्रास बराच कमी झाला. धुऊन निघणारी लायनर मात्र आजही धुऊनच निघते.

पहिलं काम: पाणी बघा

काटा खाली आहे याचा अर्थ इंजिन थंड आहे असा होत नाही. हे वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराकडून पाठ करून घेतो.

टेम्परेचरचं युनिट, ज्याला आपल्याकडे बल्ब म्हणतात, ते हेडच्या पुढच्या टोकाला किंवा थर्मोस्टॅटच्या (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घरात, म्हणजे हाऊसिंगमध्ये, बसवलेलं असतं, म्हणजे पाण्याच्या वाटेत सगळ्यात उंच जागी. पाणी कमी झालं की सगळ्यात आधी कोरडं पडतं ते हेच ठिकाण. बल्ब मग पाण्यात न राहता हवेत लटकतो आणि काटा खाली पडतो. इकडे हेड भाजत असतं आणि तिकडे ड्रायव्हर म्हणतो, गाडी थंड आहे. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडा आणि पाणी गळ्यापर्यंत आहे का पाहा. कमी असेल तर भरा आणि ते कुठे गेलं याचा शोध घ्या. थंडीचा विषय त्यानंतर.

गरम इंजिनाचं झाकण उघडायची घाई करू नका. वरच्या टाकीवर हात ठेवून आरामात दहा आकडे मोजता आले, तरच ओला जाड कपडा टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

दुसरं: काट्यावर विश्वास ठेवू नका, मोजा

काचेचा साधा थर्मामीटर, ११० अंशांपर्यंतचा, शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२ वरच संपतो. माझ्याकडे आता बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटरही आहे, पण त्यात एक गोम आहे. चकचकीत धातूवर धरला तर तो सरळ खोटं बोलतो, खूप कमी दाखवतो. पॉलिश केलेल्या पितळी टाकीवर किंवा ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगवर धरायचा असेल तर आधी तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा. गंजलेल्या किंवा काळा रंग दिलेल्या बिडावर तो बराच खरा असतो.

गाडी माल किंवा माणसं घेऊन निदान २० किलोमीटर चालवून आणा. उभ्या उभ्या सुरू ठेवून मोजू नका. रिकाम्या आयडलवर डिझेल इंजिन इतकं कमी इंधन जाळतं की चांगलं इंजिनही धड तापत नाही. परत आल्या आल्या थर्मोस्टॅटच्या घराजवळ, हेडच्या बिडावर मोजा. ७५ ते ९० मध्ये आकडा आला तर इंजिन ठीक आहे आणि मीटर खोटं बोलतंय. ६५ च्या खाली आला तर इंजिन खरंच थंड आहे.

मीटर खोटं ठरलं तर त्याचे दोन प्रकार. एकात बल्बपासून मीटरपर्यंत तांब्याची बारीक नळी जाते, तिच्यात लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असतो. ती नळी कुठे घासली, चिरडली की द्रव उडून जातो आणि काटा कायमचा झोपतो. ती दुरुस्त होत नाही असंच धरून चाला, पूर्ण संच बदला. दुसऱ्या प्रकारात वायर असते. चावी चालू ठेवून बल्बवरची वायर काढा आणि क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा सरळ वर उडतो. उडाला तर मीटर आणि वायर चांगली, दोष बल्बचा किंवा त्याच्या अर्थचा. नाही उडाला तर वायर शोधत मागे जा. वायर जास्त वेळ टेकवून ठेवू नका, मीटर जळतं.

तिसरं: सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात पान्हा हातात घ्यावा लागत नाही.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. मे महिन्यात हवा ४५, पाणी ९०, फरक ४५. डिसेंबरच्या सकाळी हवा १०, पाणी तेच ९०, फरक ८०. म्हणजे उन्हाळ्यासाठी बनवलेला तोच रेडिएटर थंडीच्या सकाळी पावणेदोन पट जोराने इंजिन गार करतो. त्याला अडवायचं काम थर्मोस्टॅटचं. पाणी पुरेसं तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासने इंजिनातच फिरत राहतं. ठरलेल्या तापमानाला तो उघडायला लागतो. ते तापमान त्याच्या अंगावर कोरलेलं असतं, बहुधा ७० ते ८५ च्या दरम्यान.

आता एकाच रस्त्यावर, तेवढाच भार घेऊन, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी गाडी चालवा. दोन्ही वेळा हवेचं आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा. थर्मोस्टॅट काम करत असेल तर हवा बदलली तरी पाण्याचा आकडा जवळपास जागचा हलत नाही. थर्मोस्टॅट उघडा पडलेला असेल, किंवा जागेवर नसेलच, तर पाणी हवेच्या मागे मागे चालतं आणि दोघांमधला फरक सारखा राहतो.

त्या १२१० ला आम्ही आर्वीहून तळेगाव, तिथून हायवेने कारंजा घाडगे आणि परत, असं दोनदा पळवलं. सकाळी सातला हवा ११, पाणी ४८. दुपारी दोनला हवा २९, पाणी ६५. एकदा ३७ चा फरक, एकदा ३६ चा. पोरगा वहीकडे बघत म्हणाला, "म्हंजे भाऊ, हे तं हवेच्या मांगं मांगंच चालून रायलं." बरोबर. हाऊसिंग खोलायच्या आधीच आत काय सापडणार हे आम्हाला कळलं होतं.

घाट असेल तर एक लक्षात ठेवा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना काटा खाली जातो तो दोष नाही. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना पंप डिझेल देतच नाही, मग उष्णता येणार कुठून? आकडा चढावर किंवा सपाट रस्त्यावर घ्यायचा. आणि चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असल्याने तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, खाली आर्वीत ते ९९ वर उकळेल. साधं, दाब न धरणारं झाकण असलेल्या जुन्या गाड्यांना हा तीन अंशांचा फरक लागू होतो.

चौथं: होज पाईपला हात लावून बघा

इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. सुरू करा, हलका रेस ठेवा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाह्या वर करा. पंख्याचा बेल्ट जवळच असतो आणि जुन्या बसच्या पंख्याला बहुधा जाळी राहिलेली नसते.

चांगल्या गाडीत बराच वेळ वरचा होज गारच लागतो, इंजिनाचं बीड मात्र तापत जातं. मग अचानक, दोन-तीन मिनिटांत, होज इतका गरम होतो की हात काढावा लागतो. हा तो क्षण, थर्मोस्टॅट उघडल्याचा. बिघडलेल्या गाडीत होज पहिल्या मिनिटापासून कोमट व्हायला लागतो आणि कोमटच राहतो. १२१० चा होज शेवटपर्यंत चहाच्या उष्ट्या कपासारखा कोमट होता.

पाचवं: आता खोला

खालचा कॉक उघडून थोडं पाणी बादलीत काढा, हाऊसिंगच्या उंचीच्या खाली येईल एवढं. कूलंट असेल तर ते नालीत ओतू नका. ते गोड लागतं आणि गुरं, कुत्री पितात, ते विष आहे. हाऊसिंगचे बोल्ट जुने असतात. एकदम जोर लावला तर डोकं तुटून बुंधा ॲल्युमिनियममध्ये अडकतो आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या, मग पान्हा लावा.

आमच्या हाऊसिंगमध्ये थर्मोस्टॅट होता. म्हणजे वरून तसं वाटत होतं. पितळी कडा जागेवर, पॅकिंग जागेवर. बोटाने दाबलं तर मध्ये काहीच नाही. कुठल्यातरी उन्हाळ्यात कुठल्यातरी मिस्त्रीने मधला व्हॉल्व्ह पक्कडीने उपटून फेकला होता आणि पाणी गळू नये म्हणून नुसती रिंग परत बसवली होती. हे काम आपल्या भागात इतकं चालतं की काही लोक ते सर्व्हिसिंगचाच भाग समजतात.

त्या मिस्त्रीला गाडी तापण्यापासून वाचवायची होती. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. मग भर उन्हात, भरलेल्या गाडीत, पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात शिरतो. म्हणजे थंडीत गाडी तापत नाही आणि मे महिन्यात पूर्वीपेक्षा जास्त तापते. मग लोक रेडिएटर खोलतात, कोर बदलतात, पंखा बदलतात. खर्च कुठल्या कुठे जातो.

आत थर्मोस्टॅट सापडलाच तर त्याची जात बघा. जुन्या प्रकारात लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा पितळी भाता असतो. त्याला बारीक भोक पडलं तर तो आपोआप फुगून उघडा राहतो, गाडी थंड चालते. नव्या प्रकारात मेण भरलेली डबी असते. मेण गळालं तर तो बहुधा बंद राहतो आणि गाडी गरम होते, पण तोंडात गंजाची पापडी किंवा जुन्या पॅकिंगचा तुकडा अडकला तर तोही उघडा राहतो. पहिल्यांदा फक्त धुऊन बघा.

गंजात (पातेल्यात) उकळून तपासणी

नवा घ्या की जुना ठेवा, उकळल्याशिवाय बसवू नका. मला एका दुकानातून अगदी डबाबंद थर्मोस्टॅट मिळाला होता, तो ९५ वरही उघडला नाही. दुकानदार म्हणाला, बसवून तर बघा. नाही बसवला.

समोरच्या टपरीवरून जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) गंज मागून आणा. (परत देताना घासून द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या चहाला रबराचा वास येतो आणि उधारी बंद होते.) गंजात पाणी भरा. थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून आडव्या काडीवरून असा सोडा की पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. थर्मामीटरही तसाच लटकवा. व्हॉल्व्हच्या फटीत बारीक दोऱ्याचं टोक दाबून तो लटकवला तर आणखी सोपं: ज्या क्षणी व्हॉल्व्ह उघडेल त्या क्षणी तो दोऱ्यावरून सुटून पाण्यात पडेल. आकडा वाचा. मंद आच ठेवा, पाणी काडीने ढवळत राहा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे उघडला तर ठीक. पुढे दहा-बारा अंशांत तो पूर्ण उघडायला हवा, आठ-दहा मिलिमीटरची फट दिसते. मग गंज खाली उतरवून पाणी गार होऊ द्या आणि तो पूर्ण मिटतो का पाहा. मिटल्यावर उजेडाकडे धरा. कडेने चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर तो नको. एक बारीक भोक किंवा लोंबणारी छोटी पिन असेल तर ती मुद्दाम ठेवलेली असते, हवा निघून जायला. ती बुजवू नका.

त्याच गंजात टेम्परेचरचा बल्बही बुडवून मल्टिमीटरने बघून घ्या. वायरचं टोक वरच कोरडं ठेवा. पाणी तापेल तसा ओहमचा आकडा सारखा खाली उतरत गेला पाहिजे.

बसवताना मेणाच्या डबीचं तोंड इंजिनाकडे, गरम पाण्याकडे. उलटा बसलेला थर्मोस्टॅटही मी पाहिला आहे. जुना गॅस्केट पूर्ण खरवडून काढा, नवीन लावा. पॅकिंगचं बाँड (चिकट पेस्ट) थापून थापून लावलेलं आतमध्ये फुगतं आणि व्हॉल्व्हच्या तोंडात जाऊन बसतं.

थर्मोस्टॅट चांगला निघाला तर

असं क्वचित होतं. तरी बघायच्या जागा सांगतो.

एखादा सिलिंडर मेलेला असेल तर इंजिनात उष्णताच कमी तयार होते. थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्या वेळाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या पाईपच्या) प्रत्येक तोंडाजवळ बोटाने पाण्याचे दोन थेंब उडवा. पाच तोंडांवर चर्र होऊन थेंब उडतील आणि सहाव्यावर नुसते ओघळतील, तर तिथे नोझल (डिझेलचा फवारा मारणारी टोटी), व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन बघावं लागेल. नोझलचा पाईप सैल करून तपासायची जुनी रीत आहे: नट एखादा फेरा सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. पण त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि तो इजा झालेला हात कापण्याची वेळ येते. पुठ्ठा धरा, चष्मा घाला.

पांढरा धूर सकाळी पाच-दहा मिनिटं असेल आणि डोळ्यांत डिझेल झोंबत असेल तर तो थंडीचा. इंजिन तापल्यावरही राहिला तर टायमिंग किंवा नोझल. धुराला डिझेलचा वास नाही आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय, तर तेव्हा हेडचा विचार करा.

आणि ड्रायव्हरची सवय. वऱ्हाड निघायच्या अर्धा तास आधी गाडी सुरू करून ठेवायची, तिकडे पानाच्या ठेल्यावर गप्पा. ब्रेकचं एअर प्रेशर आणि ऑइलचं प्रेशर आलं की हळू हळू निघावं. इंजिन चालवल्यानेच तापतं.

रेडिएटरवर बारदाना बांधायचा उपाय जुने लोक सांगतात. तपासणीसाठी तो उत्तम. पुठ्ठ्याने अर्धा रेडिएटर झाकला आणि तापमान चढलं, तर दोष पाण्याच्या वाटेत आहे हे पक्कं. पण कायमचा इलाज म्हणून नको. सकाळी आठ अंशांत बांधलेला बारदाना दुपारी तीस अंशांत कुणाला आठवत नाही. मला आठवला नव्हता. सेमाडोहच्या अलीकडे वाफेच्या ढगात उभं राहून मी स्वतःच्या हाताने मारलेल्या गाठी सोडत होतो.

पाणी कुठलं भरता

अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. पिताना जे जिभेला कळतं तेच बिडाला आणि पितळेलाही कळतं. क्षार बसतात, गंज सुटतो आणि त्याच्याच पापड्या थर्मोस्टॅटच्या तोंडात अडकतात. पावसाचं गाळलेलं पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट लागत नाही, असं लोक म्हणतात. त्यातलं गंज थांबवणारं औषध तरी लागतंच.

पाणी भरताना हळू भरा, वरचा होज हाताने दाबत राहा, हवेचे बुडबुडे येऊ द्या. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा परत भरा. ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर याच वेळी बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

त्या १२१० ला ८२ चा थर्मोस्टॅट टाकला. पुन्हा तोच रस्ता. सकाळी हवा १२, पाणी ८०. दुपारी हवा ३०, पाणी ८३. पण मीटरचा काटा ६० वरच. बल्ब खोलून बघितला तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे. वायरच्या बल्बला अर्थ मिळतो तो आट्यांमधून. एवढ्या टेपात तो अडकला आणि मीटर कमी दाखवत राहिलं. टेप खरवडून काढला, तांब्याचा वॉशर टाकला, काटा ८० वर आला. एका गाडीत दोन दोष असतात तेव्हा पहिला सापडल्यावर थांबलेला माणूस फसतो.

एप्रिलच्या शेवटी त्या पोराचा फोन आला. "भाऊ, आता लय ऊन तापून रायलं. आमच्या गावचा मिस्त्री म्हणते, व्हॉल काढून टाका. काढू का?"

"वही हाय ना? काल किती होतं?"

"सकाळी ८१. दुपारी वऱ्हाड भरून ८७."

"हवा?"

"४३."

मी म्हटलं, राहू दे. आणि आर्वीहून इकडे आलास तर माझा थर्मामीटर घेऊन ये, चार महिने झाले.